रोएली गप्प बसली तो उतार

रोएली डायकेमा गप्प बसली आहे असं तिच्या गावात कुणी सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्यानं आधी डॉक्टरला फोन लावला असता. पण त्या दुपारी, ऑस्ट्रियातल्या एका घाटाच्या माथ्यावर, ती बाई खरोखरच गप्प बसली होती. मांडीवर नकाशा, ओठ घट्ट, मान खिडकीकडे. शेजारी स्टिअरिंगवर नवरा बेरेंड, मागे हुकाला अडकवलेली कॅरव्हान, म्हणजे चाकांवरचं छोटं घरच, आणि पुढे खोल दरीच्या कडेकडेनं उतरत जाणारा रस्ता.

ती का रुसली ते सांगतोच. पण त्याआधी ही बाई काय चीज आहे ते कळायला हवं.

रोएलीचा जन्म बोटीवरचा. बाप हॉलंडच्या कालव्यांतून मालाची बोट चालवायचा. आज वाळू, उद्या विटा, परवा बटाटे. तो मागे सुकाणूपाशी उभा आणि मधे मालाचा हा एवढा ढीग, त्यामुळे पुढचं त्याला काही दिसायचं नाही. मग एवढीशी रोएली बोटीच्या पार पुढच्या टोकाला बसून ओरडायची, "पूल आला! समोरून बोट! डावीकडे बदकं!" बदकांचा बापाला काडीचा उपयोग नव्हता, पण तीही ती सांगायची. तिथं जी जीभ सुटली ती पुढे कधी आवरलीच नाही. मोठी झाल्यावर गावच्या बेकरीत काउंटरवर उभी राहिली, तर लोक पाव घ्यायला यायचे आणि बातम्या घेऊन जायचे.

नवरा मिळाला तो अगदी उलटा. बेरेंड दुधाचा टँकर चालवायचा. गोठ्यागोठ्यावर जायचं, दूध भरायचं, मान डोलवायची, पुढच्या गोठ्यावर. दिवसभरात जेमतेम दहा शब्द खर्च करणारा माणूस. लग्नानंतर दोघांनी कुणाची तरी जुनी, अंड्याच्या आकाराची कॅरव्हान घेतली आणि पहिल्याच उन्हाळ्यात फ्रान्स गाठलं. बेरेंडनं एकदाच विचारलं, "त्या पाटीवर काय आहे गं?" बस्स! रोएलीला जन्माचं काम मिळालं. तेव्हापासून गाडी सुरू झाली की ही सुरू. प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची. गावाचं नाव, वेगाची मर्यादा, पुढे वळण, चीज मिळेल, कुत्रा हरवला आहे. मधूनच पदरचंही घालायची. "तासाला ऐंशी! आणि नवऱ्यांनी बायकांचं ऐकावं, असंही लिहिलंय खाली." बेरेंडच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आपण बोललेलं खिडकीतून बाहेर उडून जातं, अशी रोएलीची पक्की समजूत झाली होती आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटायचं नाही. निदान तसं ती म्हणायची.

काय काय उन्हाळे काढले त्यांनी! ब्रिटनीत आठवडाभर पाऊस लागला तेव्हा दोघं आणि दोन पोरं अशी चौघं त्या अंड्यात बसून पत्ते खेळली आणि धाकट्या पोरानं इतकी लबाडी केली की शेवटी सगळ्यांनीच लबाडी करायची असा नियम झाला. डेन्मार्कला वाऱ्यानं कॅरव्हानला जोडलेला पुढचा तंबू उचलला तेव्हा शेजारच्या कॅरव्हानमधली अनोळखी माणसं अर्धं जेवण टाकून धावली, एकेक खांब धरून उभी राहिली आणि तशाच उभ्या उभ्या एकमेकांची नावगावं विचारू लागली. त्यातल्या दोघांशी अजून नाताळची पत्रं चालू आहेत. भांडी घासायच्या सामाईक हौदापाशी प्लास्टिकची घमेली घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांकडून रोएलीनं अर्ध्या युरोपातली लग्नं, मोडलेली लग्नं आणि सासवा जाणून घेतल्या. कॅरव्हानमधल्या बाकाखाली बटाटे मात्र घरचेच. परदेशातल्या बटाट्यावर तिचा आजही विश्वास नाही.

यंदाची गोष्ट वेगळी होती. ऑक्टोबरात बेरेंडला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि पंच्याहत्तरीनंतर लायसन्स हवं तर डॉक्टरी तपासणी आली. निघायच्या आधी मुलगी हिल्डा घरी आली, तिनं अंगणातला फाटकाचा खांब बघितला. खांब तिरका झाला होता.

"बाबांनी ठोकला ना?"

"कुणी मागे घेताना लागला असेल," रोएली म्हणाली.

"कुणी म्हणजे कोण, आई? टपालवाला? त्यांना दिसतं का नीट? परवा माझ्यासमोर कपाच्या बाहेर कॉफी ओतली त्यांनी. पेपर वाचायचे बंद झालेत."

"बातम्यांत काही राम राहिला नाही म्हणतो."

"आई, तुला कळतंय मी काय म्हणतेय ते. डोळे तपासून मग जा. नाहीतर ती कॅरव्हान मी स्वतः विकून टाकीन."

रोएलीला कळत होतं. चांगलं कळत होतं. पण डोळे तपासले आणि डॉक्टर नाही म्हणाला, तर उन्हाळे संपले. मग उरणार काय, तर खिडकीतून दिसणारा रिकामा अंगणाचा तुकडा आणि समोर न बोलणारा नवरा. एक उन्हाळा, फक्त हा एक, असं तिनं मनाशी म्हटलं आणि लेकीला म्हणाली, "आल्यावर तपासू." त्या दिवसापासून गाडीत ती नेहमीपेक्षा जास्तच बोलत होती, मनातल्या शंकेवर पांघरूण घातल्यासारखी.

तर आता रुसवा. घाटमाथ्यावर गाड्या थांबवायची जागा होती. तिथं दोघं घडीच्या खुर्च्या टाकून पाव खात बसली होती. शेजारी त्यांच्याच देशातलं, हॉलंडचं, एक जोडपं येऊन थांबलं. त्यातला टकलू गृहस्थ मोठा गप्पिष्ट. म्हणाला, "कॅरव्हान घेऊन घाट, या वयात? डोळे शाबूत दिसतात हो तुमचे, आजोबा!"

बेरेंड एकदम हसला. इतक्या मोठ्यानं तो कधी हसत नाही. "डोळे कशाला लागतात? बायको म्हणजे रेडिओ आहे माझा! सकाळी चालू झाला की थेट मुक्कामाला बंद. बटणच नाही त्याला!"

टकलू हसला, त्याची बायको हसली, त्यांचा कुत्रासुद्धा शेपूट हलवायला लागला. रोएलीचा घास तोंडातच राहिला. एवढी वर्षं आपल्या बोलण्यावर लोक हसले, गिऱ्हाइकं हसली, पोरं हसली. पण हा कधी हसला नव्हता. आज परक्या माणसांपुढे ह्यानंच टोपी उडवली. तिनं पावाचा डबा बंद केला.

"बरं," गाडीत बसताना ती म्हणाली. "रेडिओ बिघडलाय असं समज. मुक्कामाच्या तळ्यापर्यंत."

"अगं, गंमत केली."

रोएलीनं मान फिरवली ती फिरवलीच.

गाडी निघाली. पहिली पाटी गेली. मोठी, पिवळी. तीव्र उतार, गिअर खालचा ठेवा. रोएलीनं ती मनातल्या मनात वाचली.

"काय होतं गं पाटीवर?"

रोएली नकाशाची घडी घालत राहिली.

"रोएली? मर्यादा किती आहे?"

"डोळे आहेत ना तुला?"

हे बोलल्यावर बेरेंडनं पुन्हा काही विचारलं नाही. वेग मात्र इतका कमी केला की मागच्या मोटारीनं भोंगा वाजवला. मग वाढवला, तो जास्तच. पहिलं वळण त्यानं फार उशिरा घेतलं आणि कॅरव्हानचं मागचं चाक कडेच्या खडीत करकरलं. रोएलीनं दाराचं हँडल धरलं. हा मुद्दाम करतोय, मला बोलायला लावायला, असं तिला वाटलं. मी नाही बोलणार! दुसऱ्या वळणावर ब्रेकचा जळका वास आला. तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं, तर बेरेंड सरळ बघतच नव्हता. मान वाकडी करून, दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखा एका डोळ्याच्या कोपऱ्यातून रस्ता बघत होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

एक सायकलवाला कडेनं चालला होता. गाडी त्याच्या इतक्या जवळून गेली की तो किंचाळला. बोल, बाई, बोल, असं तिचंच मन तिला सांगत होतं. पण राग मोठा वाईट. एवढं वळण संपू दे, मग बोलते, असं म्हणत ती हट्टानं बसून राहिली.

वळण संपलं आणि तिला लांबवर लाल दिवा दिसला. रस्त्याचं काम चाललं होतं. एक बाजू खोदलेली, उरलेल्या एकाच पट्टीतून आळीपाळीनं वाहनं सोडायला तात्पुरता सिग्नल उभा केलेला. तिनं बेरेंडचा पाय ब्रेकवर जायची वाट पाहिली. गेला नाही. आता जाईल. नाही. दिवा चांगला ताटलीएवढा झाला तरी पाय जागचा हलला नाही, आणि मग तिच्या लक्षात आलं. हा रागानं नाही, हट्टानं नाही. ह्याला दिसतच नाही.

"लाल! बेरेंड, लाल आहे!"

पण तोवर सिग्नल मागे गेला होता. गाडी त्या अरुंद पट्टीत घुसली, एका हाताला खोदकाम, दुसऱ्या हाताला लोखंडी कठडा आणि त्यापलीकडे नुसतं निळं आकाश. समोरच्या वळणातून पिवळ्या बसचं नाक बाहेर आलं.

"बस! समोर बस! थांब, थांब, थांब!"

बेरेंडनं ब्रेक दाबला. कॅरव्हाननं मागून दणका दिला, गाडी पुढे ढकलली गेली, मागचं धूड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुललं, कठड्याला घासल्याचा आवाज आला आणि सगळं थांबलं. बसच्या काचेवरचा मेलेला किडासुद्धा रोएलीला दिसत होता, इतकं जवळ.

बसचा ड्रायव्हर उतरून आला. तरणाबांड, बाह्या वर सारलेला.

"आजोबा, लाल दिवा दिसला नाही का?"

"ऊन डोळ्यावर आलं हो," रोएली घाईघाईनं म्हणाली.

"ऊन नव्हतं," बेरेंड म्हणाला. "मला दिसला नाही."

ड्रायव्हरनं भांडायची सगळी तयारी केली होती, ती तशीच राहिली. त्यानं मागे वळून आपल्या बसकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, ते काय ते नंतर. माझ्या मागे गाड्या लागल्यात, मला हलता येत नाही. तुमच्या मागे वर रुंद जागा आहे, तिथवर मागे घ्या. पटकन!"

मागे घ्यायचं म्हटलं की रोएलीचं काम ठरलेलं. जगातल्या सगळ्या कॅम्पवर असंच असतं. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हात करणार, आणि खुर्च्या टाकून बसलेली मंडळी फुकटचा तमाशा बघणार. इथंही कामगार जेवणाचे डबे घेऊन खडीच्या ढिगावर बसले होते, ते वळून बघायला लागले. रोएली मागे जाऊन उभी राहिली आणि जुन्या सवयीनं तिनं हात वर केला. गाडी हलली नाही. तिनं पुन्हा हात केला.

दार उघडलं. बेरेंड उतरला आणि गाडीला, मग कॅरव्हानला हात लावत लावत तिच्यापाशी आला.

"तुझा हात मला दिसत नाही."

"आरसा नीट करून देऊ का?"

"आरशाचं काही नाही गं. मधोमध सगळं धुरकट आहे. कडा दिसतात. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तोंडाच्या जागी धूर. केस दिसतात."

"कधीपासून?"

"नॉर्वेच्या सहलीच्या आधीपासून."

नॉर्वे! म्हणजे दोन उन्हाळे. रोएलीच्या डोळ्यांपुढे तिथली फेरीबोट आली, तिची ओली फळी, खाली काळं पाणी. आणि आठवलं की त्याच वर्षी ह्यानं म्हणायला सुरुवात केली होती, "हात नको करूस, ओरड. आरशात नीट दिसत नाहीस." आधीची सगळी वर्षं ओरडू नकोस, लोक बघतात, म्हणून हाच खेकसायचा.

"हिल्डाची पोरं होती मागच्या सीटवर!" ती कडाडली. "फेरीबोटीवर चढवलीस तू ही कॅरव्हान! आंधळा असून नेत होतास तू आम्हाला!"

"आंधळा कुठं? तू होतीस ना."

"मी?"

"सगळं सांगत होतीस की. पट्टी डावीकडे वळते, पुढे ट्रक, ब्रेक लावतोय, म्हातारी रस्ता ओलांडतेय, हातात कांद्याची पात. इतकं कोण सांगतं? मला सगळं दिसायचं."

"अरे, मी बडबड करत होते, मूर्खा! तोंडाला येईल ते बोलते मी! निम्मं तर खोटं असतं!"

"खोटं कुठलं ते कळतं मला. आवाज बदलतो तुझा."

रोएलीला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. ह्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं, आणि ह्याला मिठी मारून रडावं असंही वाटलं. लग्नापासून ज्याच्या कानीकपाळी आपण ओरडलो, तो एकेक शब्द वेचून ठेवत होता. आणि ते एकदाही बोलला नव्हता, गाढव! बोलला तो त्या टकल्यापुढे, आणि तेही गमतीच्या नावाखाली खरंच सांगितलं.

बसचा भोंगा वाजला.

"किल्ली कुठं आहे?" तिनं विचारलं.

"गाडीतच."

"मग तू थांब इथं. मी घेते मागे."

"गावातल्या गावात नुसती गाडी चालवतेस तू. कॅरव्हान कधी ओढलेली नाहीस."

"तू कधी दिलीस? आणि मी कधी मागितली? आता बोल तू. आज तुझी पाळी. चल, शिकव."

ती सीटवर बसली. पाय पेडलला पोचेनात, सीट पुढे ओढली. मागून बेरेंडचा आवाज आला. टँकरवाल्याचा आवाज, गोठ्यातून रस्त्यापर्यंत पोचणारा, फक्त आजवर कधी न वापरलेला.

"स्टिअरिंग खाली धर! सहाच्या आकड्यावर! हात डावीकडे नेलास की ती डावीकडे जाईल! हळू!"

पहिल्याच झटक्यात कॅरव्हान खोदकामाकडे वळली. "थांब! पुढे घे!" ती पुढे आली, बसच्या नाकापर्यंत. पुन्हा मागे. क्लच जळायला लागला. बेरेंड एक हात कॅरव्हानच्या कोपऱ्यावर ठेवून कठड्याच्या कडेनं उलटा चालत होता. कठडा त्याला दिसत होता, बाकी तो हातानं आणि कानानं ओळखत होता. "उजवीकडे! अगं, तुझं उजवं! अजून! बास, सरळ!" कठड्याला लागून मागचा दिवा खळकन फुटला. "फुटू दे!" तो ओरडला. "चालू ठेव!" एक कामगार तोंडातला घास विसरून उभा राहिला. रोएलीच्या पाठीवरून घाम ओघळत होता. चढावर गाडी मागे घेणं म्हणजे हट्टी म्हशीला उलटं गोठ्यात ढकलण्यासारखं. पण वीत वीत करत ते धूड मागे सरकलं, आणि शेवटी बेरेंडचा आवाज आला, "आली! ब्रेक! आली गं!"

बस निघून गेली. जाताना ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "काकू, माझ्या बायकोलासुद्धा असं येत नाही." हे कौतुक होतं की टोमणा, ते रोएलीनं विचारलं नाही. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत होती.

बेरेंड चाचपडत पलीकडच्या सीटवर येऊन बसला. त्या सीटवर तो लग्नानंतर पहिल्यांदाच बसत होता. पाय कुठं ठेवावे, हातांचं काय करावं, त्याला कळेना.

"हिल्डाला आजच सांगणार आहे मी," रोएली नाक पुसत म्हणाली. "सगळं. आणि माझंही सांगेन. मला शंका होती, तरी मी तुला गाडीवर बसू दिलं."

"आणि कॅरव्हान?"

"कॅरव्हानचं काय? मी चालवीन. मला नीट शिकवशील तर."

"मी मग इथं बसून काय करू?" त्यानं विचारलं. पोरासारखा, अगदी बारीक आवाजात.

दिवा हिरवा झाला होता. तिनं गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवून उताराला लावली. नजर समोरच्या डांबरावर खिळलेली, खांदे कानांपर्यंत चढलेले, दात आवळलेले. ह्या वेळचं गप्प बसणं रागाचं नव्हतं. पाटी वाचायला डोळे उचलण्याचीही तिची छाती होत नव्हती. कडेनं हिरवं काहीतरी सरकत होतं, निळं काहीतरी सरकत होतं, आणि ते काय आहे ते तिला कळत नव्हतं.

"बेरेंड," ती म्हणाली, "मला फक्त मधला रस्ता दिसतोय. मान वळवायची हिंमत नाही. बाजूला काय आहे?"

त्यानं घसा खाकरला.

"गाय," तो म्हणाला.

"बरं."

"तपकिरी. आडवी बसलीय. तिच्यामागं दुसरी." तो थांबला. "तिसरी उभी आहे. कुंपणाशी एक बाई आहे, तिच्या हातात बादली. निळी. नाही, हिरवी."

"पुढे बोल," रोएली म्हणाली, आणि वळणासाठी तिनं वेग कमी केला.